वीरगळ आणि मुंडा

वाई तालुक्यातील किकली या गावी भैरवनाथाच्या देवळाभोवती वीरगळांच्या रांगा दिसतात. सांगली जिल्ह्यातील खेड्यांतूनही देवळाच्या कडेला असे दगड उभे असतात. खालच्या चौकटीत लढाईत पडलेला वीर, मध्ये त्याला स्वर्गाकडे नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्रसूर्य, अशी त्यांची साधारण मांडणी. चंद्रसूर्य असेतो कीर्ती राहो, हा त्यामागील भाव.

हेच चंद्रसूर्य अमरावती जिल्ह्यात, मेळघाटातील कोरकू आदिवासींच्या 'मुंडा'वर भेटतात. मुंडा म्हणजे मृताच्या स्मरणार्थ 'सिडोली' विधीच्या वेळी रोवलेला, कोरलेला सागवानी खांब. त्यावर घोडेस्वार असतो, रांगेने नाचणारी माणसे असतात, नाकडोळे नावापुरतेच. प्रथमदर्शनी हे काम ओबडधोबड वाटते. थोडे थांबून पाहिले म्हणजे नाचणाऱ्यांच्या रांगेतील ठेका जाणवू लागतो. मृताचा हुबेहूब चेहरा येथे मुळी अभिप्रेतच नाही. तो आता पूर्वजांच्या मेळ्यात सामील झाला आहे, एवढेच सांगावयाचे आहे. आणि ते पुरेपूर सांगितले गेले आहे.

तरीही वीरगळाला आपण शिल्प म्हणतो आणि मुंड्याला 'आदिवासींची वस्तू' म्हणून बाजूला सारतो. या भेदाचे उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. पंतप्रतिनिधींनी १९३८ साली औंध येथे उभारलेल्या श्री भवानी संग्रहालयात हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचे 'माता आणि बालक' हे शिल्प आहे. पाहुणे ते अभिमानाने पाहतात. ब्रिटिश म्युझियममधील प्राचीन मेक्सिकोची व आफ्रिकेची शिल्पे पाहून आपली दृष्टी घडली, असे मूरने स्वतःच सांगितले आहे. ज्यांना आपण अडाणी समजतो, त्यांच्याच कुळातील कारागिरांपुढे तो शिष्य म्हणून बसला होता. भोपाळच्या भारत भवनात १९८२ पासून ज. स्वामिनाथन यांनी आदिवासी कलाकृती आधुनिक चित्रशिल्पांच्या बरोबरीने मांडल्या, त्या याच जाणिवेतून.

मला मात्र मुंड्याचे मोठेपण आणखी एका गोष्टीत दिसते. वीरगळ रणात पडलेल्याचा. मुंडा साध्या घरातील मृताचाही. हयातीत ज्याच्या दारी घोडा नव्हता, त्यालाही तेथे घोडा मिळतो. नोव्हेंबरच्या दोन तारखेस कबरस्तानात मेणबत्ती लावणाऱ्या आपल्या कुटुंबांना हे निराळे सांगावयास नको. आपल्याकडेही गरिबाच्या कबरीवर लाकडी क्रूसच असतो आणि काही पावसाळ्यांनी तो कुजतो. त्यावरील नाव आपण मनात जपतो.

उन्हापावसात मुंडाही झिजतो. त्याचे नमुने संग्रहालयात जतन व्हावेत, हे योग्यच. पण तेथील पाटीवर बहुधा जमातीचे नाव असते, कोरणाऱ्याचे नसते. मूरच्या शिल्पाखाली मूरचे नाव आहे. जे कोरणारे आज हयात आहेत, त्यांची नावे तरी विचारून लिहून ठेवावीत. समीक्षेची सुरुवात तेथूनच व्हावयास हवी.