वारसांच्या परवानगीने

२०११ सालच्या चित्रपटांसाठी जाहीर झालेल्या राष्ट्रीय पुरस्कारांत ‘बालगंधर्व’ला काय मिळालं हे एकदा पाहण्यासारखं आहे. पार्श्वगायनासाठी आनंद भाटे, रंगभूषेसाठी विक्रम गायकवाड, वेशभूषेसाठी नीता लुल्ला. गळा, चेहरा आणि शालू. परीक्षकांच्या मनात तसं काही नसेल, पण मराठी चरित्रपटाला काय जमतं याची यादीच त्यांनी करून दिली. या तीन गोष्टी आता आपल्याला फार छान जमतात. सुबोध भावे नऊवारी नेसून, मान किंचित तिरकी करून उभे राहिले तेव्हा जुन्या छायाचित्रांतले बालगंधर्व चालू लागल्यासारखे वाटले होते, हे खोटं नाही.

पण नारायण श्रीपाद राजहंस या माणसाचं आयुष्य त्या छायाचित्रांत कुठे मावतं? ‘मानापमान’च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी, १९११ साली, घरात मुलगी गेली असतानाही ते भामिनी होऊन उभे राहिले, ही कथा महाराष्ट्राला पाठ आहे आणि चित्रपटात ती असायलाच हवी होती. खरी अवघड जागा तिच्या पुढे आहे. कर्जात रुतलेली मंडळी, बोलपटाने पळवलेला प्रेक्षक, ज्याच्या स्त्रीरूपावर उभा महाराष्ट्र लुब्ध होता त्याने १९३५ साली ‘प्रभात’च्या ‘धर्मात्मा’त एकनाथ म्हणून केलेलं पदार्पण आणि मग गोहरबाई कर्नाटकी. एक मुसलमान गायिका कंपनीत येते, गंधर्वांच्याच नाटकांतून स्त्रीभूमिका करू लागते, त्यांचं उतारवय सांभाळते आणि कालपर्यंत ‘देवा’ म्हणणारे रसिक पाठ फिरवतात. नाट्य म्हणतात ते याला. चित्रपट वैभवाच्या दिवसांत ज्या मोकळेपणाने रेंगाळतो, त्या मोकळेपणाने इथे थांबत नाही. भरजरी काळ संपला की त्याला घरी जायची घाई होते.

त्यानंतर चरित्रपटांचा जो ओघ लागला तो अजून आटलेला नाही. ‘डॉ. प्रकाश बाबा आमटे’, ‘लोकमान्य’, भगवानदादांवरचा ‘एक अलबेला’, ‘आणि... डॉ. काशिनाथ घाणेकर’, पु. लं.वरचा दोन भागांतला ‘भाई’, ‘आनंदी गोपाळ’, ‘मी वसंतराव’, ‘महाराष्ट्र शाहीर’, ‘स्वरगंधर्व सुधीर फडके’. टिळक, गंधर्व आणि घाणेकर असे तीन पुरुष एकाच नटाच्या चेहऱ्यातून आले. नटाच्या ताकदीचा तो पुरावा खरा, पण निर्मात्यांच्या कल्पनेबद्दलही तो काहीतरी सांगतो. बहुतेक चित्रपटांच्या शेवटी एक ठरलेला विधी असतो. श्रेयनामावली सुरू होते आणि खऱ्या व्यक्तीची कृष्णधवल छायाचित्रं एकामागून एक येतात. प्रेक्षक ‘हुबेहूब!’ म्हणत उठतात. पात्रपरिचयाच्या जागी ओळखपरेड.

या सगळ्या व्यवहाराच्या किल्ल्या कोणाकडे आहेत, हेही पाहायला हवं. ‘मी वसंतराव’मध्ये वसंतराव देशपांड्यांची भूमिका त्यांचे नातू राहुल देशपांडे करतात. ‘महाराष्ट्र शाहीर’चे दिग्दर्शक केदार शिंदे हे शाहीर साबळ्यांच्या मुलीचे चिरंजीव, आणि शाहिरांच्या पत्नीच्या, भानुमतीबाईंच्या भूमिकेत केदार शिंद्यांची मुलगी सना. म्हणजे चरित्रपट हे आता घरचं कार्य झालं आहे. घरच्या कार्यात कोणाला बोलवायचं आणि कोणता विषय काढायचा नाही, हे सगळ्यांना न सांगता कळतं.

तरी ‘मी वसंतराव’ मला या रांगेत वेगळा वाटतो, आणि त्याचं कारण गाणं नव्हे (गाण्यासाठी राहुल देशपांड्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो योग्यच होता). कारण आहे कारकुनी. लष्कराच्या हिशेबखात्यात वर्षानुवर्षं फायली उपसणारा, बदलीवर पार ईशान्य सीमेकडे जाणारा, चाळिशी ओलांडली तरी ‘आपण गवई आहोत’ असं ठामपणे न म्हणू शकणारा माणूस त्यात दिसतो. १९६७ साली ‘कट्यार काळजात घुसली’तल्या खाँसाहेबांनी त्यांना घराघरांत पोचवलं, त्याआधीचं हे सगळं. नातवाने आजोबांना आधी यशस्वी केलं नाही, ही त्याची मोठी कमाई. निपुण धर्माधिकारींनी वेळ घेतला, म्हणून तो माणूस उभा राहिला.

घाणेकरांच्या चित्रपटाकडे मात्र बोट दाखवून कोणी म्हणेल, यात तर दारू आहे, अहंकार आहे, मोडलेला संसार आहे, मग भक्तिभाव कुठे? चित्रपटाला आधार होता कांचन घाणेकरांच्या ‘नाथ हा माझा’ या पुस्तकाचा. ते धीट पुस्तक आहे, पण लिहिताना लेखिकेने नवऱ्याला आधीच माफ केलेलं आहे. ती माफी चित्रपटाने आयती घेतली आणि वर शिट्ट्यांचा पाऊस पाडला. त्यामुळे घाणेकरांचा प्रत्येक दोष रुबाबदार होऊन येतो. एन्ट्रीला टाळी आणि पडझडीलाही टाळी. पहिल्या पत्नी डॉ. इरावती यांच्या घरात तेव्हा काय वाटत असेल, हे विचारायला चित्रपटाला फुरसत होत नाही. नंदिता धुरी मोजक्या दृश्यांत जेवढं सांगून जातात तेवढंच.

गंमत अशी की मराठी वाचकाला हे सगळं नवं नाही. थोरांच्या घरातला उजेड-अंधार आपल्याकडे बायकांनी केव्हाच लिहून ठेवला आहे. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’पासून ती वाट सुरू होते. नवरा कवी, धर्मांतर करणारा, लहरी, आणि त्याच्याकडे डोळे उघडे ठेवून हसणारी बायको. पु. लं.च्या पत्नी सुनीताबाईंचं ‘आहे मनोहर तरी’ १९९० साली आलं तेव्हा केवढी खळबळ उडाली होती! महाराष्ट्राचं लाडकं व्यक्तिमत्त्व घरात किती परावलंबी, किती बेफिकीर असू शकतं, हे त्याच्याबरोबर जन्म काढलेल्या बाईने कोरड्या, नेमक्या भाषेत मांडलं. त्यानंतर जवळजवळ तीस वर्षांनी ‘भाई’ आला. सागर देशमुखांनी पु. लं.ची लकब छान उचलली, इरावती हर्षेंच्या सुनीताबाईंत करारीपणा आहे. पण दर दहा मिनिटांनी कोणीतरी थोर माणूस दारातून आत येतो, त्याचं नाव घेतलं जातं, एक किस्सा होतो आणि तो जातो. हे चरित्र नव्हे, गॅदरिंग. आणि एवढं करूनही वाद झाला तो मैफलीतल्या पेल्यावर आणि सिगारेटवर! सुनीताबाईंच्या पुस्तकातला प्रश्न कोणी विचारलाच नाही, म्हणून त्यावर भांडणही झालं नाही.

‘आनंदी गोपाळ’बद्दल माझं मन अजून दुभंगलेलं आहे. समीर विद्वांस यांचा हा चित्रपट बांधीव आहे, भाग्यश्री मिलिंद आणि ललित प्रभाकर दोघंही उत्तम. नऊ वर्षांची मुलगी, तिच्याहून पुष्कळ मोठा बिजवर नवरा आणि त्याची शिक्षणाची जिद्द. १८८६ साली पेनसिल्व्हेनियात आनंदीबाई एम. डी. झाल्या, पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत क्षयाने गेल्या, तेव्हा बाविसावं वर्षही पुरं झालं नव्हतं. या चरित्राला पाझर फुटणारच. पण अमेरिकेतून गोपाळरावांना लिहिलेल्या एका पत्रात आनंदीबाईंनीच हिशेब मांडला आहे: दहाव्या वर्षी लाकडाने बसलेला मार, बाराव्या वर्षी अंगावर फेकलेल्या खुर्च्या आणि पुस्तकं, सोडून जाण्याच्या धमक्या. ते पत्र तक्रारीचं नाही, आणि निव्वळ कृतज्ञतेचंही नाही. एका विशीच्या मुलीने दूरदेशी बसून स्वतःच्या लग्नाची केलेली ती छाननी आहे. श्री. ज. जोशींच्या १९६८च्या कादंबरीतला गोपाळराव विक्षिप्त आहे, त्याची भीती वाटते. चित्रपटातला गोपाळरावही संतापतो, पण त्याच्या संतापाला प्रेमकथेचं अस्तर आहे. जोडपं गोड दिसायला लागलं की पत्रातली ती मुलगी बोलायची थांबते.

मग हे कधी कोणाला जमलंच नाही का? जमलं, आणि तेही मराठी आयुष्यावरच. अभिनेत्री हंसा वाडकरांनी आपली कहाणी पत्रकार अरुण साधूंना सांगितली, ती आधी ‘माणूस’मधून आणि मग ‘सांगत्ये ऐका’ या पुस्तकरूपाने आली. १९७७ साली श्याम बेनेगलांनी त्यावरून ‘भूमिका’ केला, हिंदीत. त्यांनी पहिली गोष्ट केली ती नाव काढून टाकण्याची. हंसाची उषा झाली. नाव गेल्याबरोबर आदरांजली वाहण्याची सक्ती गेली. स्मिता पाटलांना हंसाबाईंसारखं दिसावं लागलं नाही, त्यांच्या लकबी गिरवाव्या लागल्या नाहीत. त्या बाईच्या आत शिरायला मोकळ्या झाल्या. अमरीश पुरींच्या वाड्यात, घरंदाज बाई म्हणून मान मिळत असताना, उषाला कळतं की उंबरठा ओलांडायची मुभा नाही. त्या वेळी स्मिताच्या चेहऱ्यावर आधी राग येत नाही. आधी येतो हिशेब, मग थकवा. पडद्यावर रोज नवं सोंग घेणाऱ्या बाईला घरातही सोंगच घ्यावं लागतं, हे सांगायला एकही संवाद लागत नाही. पुस्तकातलं काही बेनेगलांनीही गाळलं, नाही असं नाही. हंसाबाईंचं कथन चित्रपटाहून जास्त ओबडधोबड आणि जास्त भीषण आहे. पण गाळलं ते रचनेसाठी, कोणाच्या भावना सांभाळण्यासाठी नव्हे.

नाव कायम ठेवूनही मोकळं राहता येतं, हे परेश मोकाशींनी ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’त दाखवलं. २००९चा हा चित्रपट, ऑस्करसाठी भारताची अधिकृत प्रवेशिका. फाळक्यांच्या भोवतीचं तेजोवलय त्यांनी विनोदाने पुसलं. घरातलं सामान एकेक करून विकलं जातंय आणि घरचे ते एखाद्या खेळासारखं पाहताहेत. कुंडीतल्या बीचा कोंब थोडा थोडा टिपत बसलेला बाप. स्वयंपाक आटोपून कच्च्या फिल्मला भोकं पाडणाऱ्या सरस्वतीबाई. नंदू माधवांचा फाळके थोर वाटत नाही, झपाटलेला वाटतो, आणि म्हणूनच खरा. मोकाशी थांबतात मात्र यशाच्या जवळ. कंपनीतली भांडणं, बोलपटाने केलेली अडचण, १९४४ साली नाशिकला जवळजवळ विस्मृतीत आलेला मृत्यू, हे या चित्रपटाच्या चालीत बसणारं नव्हतं. ती निवड मला मान्य आहे. तो दुसरा चित्रपट अजून कोणी केला नाही, ही मोकाशींची चूक नाही.

आणि भक्तीचा आक्षेप घ्यायचा तर १९३६चा ‘संत तुकाराम’ आठवावा. दामले-फत्तेलालांच्या या चित्रपटात चमत्कार आहेत, विमान आहे, विष्णुपंत पागनीसांचा तल्लीन चेहरा आहे, आणि त्यांच्या समोर गौरीची आवली आहे. मूल आजारी पडल्यावर हातात पायताण घेऊन देवळात विठ्ठलाला जाब विचारायला निघालेली बाई! तिला म्हैस प्यारी आहे, पोरांच्या तोंडातला घास प्यारा आहे, नवऱ्याचा देव नाही. दिग्दर्शक तिला एकदाही खाली पाडत नाहीत. भक्तिपटाच्या मधोमध त्यांनी संसाराची बाजू इतक्या ताकदीने मांडली आहे की वैकुंठाचं निमंत्रण तिने नाकारणं हाच मला चित्रपटाचा कळस वाटतो. आजच्या किती चरित्रपटांत नायकाशी असं भांडणारं, आणि भांडणात वरचढ ठरू शकणारं माणूस आहे?

राजकारण्यांवरच्या चित्रपटांत तर ते असूच शकत नाही. ‘धर्मवीर’ मे २०२२मध्ये आला, शिवसेनेतल्या फुटीच्या काही आठवडे आधी. दुसरा भाग सप्टेंबर २०२४मध्ये, विधानसभेच्या निवडणुकीआधी. प्रसाद ओकांनी आनंद दिघ्यांची बसण्याची-बोलण्याची ढब कमालीची आत्मसात केली आहे. पण पडद्यावरचा दिघे कोणाच्या खांद्यावर हात ठेवतो, याकडे प्रेक्षक अभिनय म्हणून पाहत नव्हते, वारसापत्र म्हणून पाहत होते. उलट टोकाला २०२५चा अनंत महादेवन यांचा ‘फुले’. तिथे जोतिरावांच्या काळातलं जातवास्तव सांगणारे शब्दच बदलायला परीक्षण मंडळाने लावले आणि प्रदर्शन लांबलं. म्हणजे परवानगी देणारे फक्त घरचे नसतात. पक्ष असतो, समाज असतो, मंडळ असतं.

ज्या अरुण साधूंनी हंसाबाईंचं ऐकून घेतलं, त्यांच्याच दोन कादंबऱ्यांवरून जब्बार पटेलांनी १९७९ साली ‘सिंहासन’ केला. त्यातल्या मुख्यमंत्र्यांचं नाव जीवाजीराव शिंदे. या जीवाजीरावांचा कोणी नातू नव्हता, पक्ष नव्हता, मतदारसंघ नव्हता. कोणाची परवानगी काढायची नव्हती. म्हणून अरुण सरनाईकांना त्यांच्या खुर्चीतली भीती, हिशेबीपणा आणि थंड हसू, सगळं करता आलं.