हायस्कुलांतील ‘व्यावहारिक’ विषय आणि आमचे जुने कागद

माध्यमिक शिक्षण आयोगाचा, म्हणजेच मुदलियार आयोगाचा, वृत्तांत ता. २९ ऑगस्ट १९५३ रोजीं भारत सरकारास सादर झाला. शिक्षणशास्त्रज्ञांनीं त्याची चिकित्सा आपापल्या दृष्टीनें केलीच आहे. कागदपत्रांच्या संग्राहकांस मात्र तो ग्रंथ आपल्या कामाचा नव्हे असें वाटत आलें. आमच्या मतें ही समजूत बरोबर नाहीं. दप्तर जपणें हें एक काम. तें वाचणारा मनुष्य तयार होणें हें दुसरें. आणि हें दुसरें काम बव्हंशीं शाळेच्या वेळापत्रकावर अवलंबून असतें. म्हणून त्या वृत्तांताची ही छाननी.

आयोगाची योजना थोडक्यांत अशी. भाषा, सामाजिक अभ्यास, गणितासह सामान्य विज्ञान आणि एक हस्तव्यवसाय हे विषय सर्वांस सारखे. त्याखेरीज मानव्य, विज्ञान, तांत्रिक, वाणिज्य, शेती, ललितकला व गृहविज्ञान या सात शाखांपैकीं एकींतून तीन विषय. अनेक शाखा एकाच छपराखालीं चालवील ती ‘बहुउद्देशी’ शाळा. हस्तव्यवसायांत कताई-विणकाम, सुतारकाम, धातुकाम, बागकाम, शिवणकाम, मुद्रण इत्यादि कामें सुचविलीं आहेत. हायस्कूल म्हणजे केवळ विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेची तयारी, ही जुनी समजूत आयोगानें मोडून काढिली, आणि हाताचें काम सर्वच मुलांस सांगितलें. हा त्याचा गुण निःसंशय मोठा आहे.

दोष आहे तो वांटणींत. इतिहास व अभिजात भाषा मानव्य शाखेंत बसविल्या. जमाखर्च, लघुलेखन व टंकलेखन वाणिज्य शाखेंत गेले. हस्तलिखित वाचण्याची विद्या कोणत्याच शाखेंत आली नाहीं. ही विद्या अर्धी बुद्धीची व अर्धी हाताची आहे. जो बोरूनें मोडी वळण गिरवितो त्यास कागदावरील जोड व लपेटी लवकर उमगतात. नुसती मुळाक्षरें पाठ करणारा पहिल्याच ओळींत अडतो.

येथें एक गोष्ट नीट लक्षांत घेतली पाहिजे. मुंबई इलाख्यांतील मराठी शाळांत मोडी शिकवीत, ती इतिहाससंशोधक निर्माण व्हावे म्हणून नव्हे. खतपत्र, हिशेब, अर्ज, हुंडी हीं मोडींत चालत, म्हणून शिकवीत. मोडी हा निव्वळ व्यावहारिक विषय होता, आणि त्याच्या आधारानें आमचीं दप्तरें वाचकांस खुलीं राहिलीं होतीं. छपाई व टंकयंत्र यांनीं व्यवहार बदलला, तसा तो आधार गेला. मोडी इतिहासाच्या तासाला मेली नाहीं; ती व्यवहाराच्या तासाला मेली. तिचा ऱ्हास आयोगानें घडविला असें आम्ही म्हणत नाहीं. पुढें जो धंदा करावयाचा त्याच्या उपयोगाचें तेवढेंच व्यावहारिक, ही जी व्याख्या आयोगानें गृहीत धरिली, तिच्यांत मागील व्यवहाराचे कागद वाचण्यास जागा उरली नाहीं, एवढाच आमचा आक्षेप.

औरंगाबादेस (२०२३ पासून छत्रपति संभाजीनगर) ही हानि दुहेरी झाली. निजामी राज्यांत १८८४ च्या सुमारास दरबारची भाषा फारसीऐवजीं उर्दू झाली. १९१८ सालीं निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचें माध्यमहि उर्दूच. शहरांत सरस्वती भुवन शाळा १९१५ सालीं निघाली व इंटरमीजिएट कॉलेज १९२३ सालीं. १९४८ नंतर शाळांचें माध्यम पालटलें, १९५६ त मराठवाडा मुंबई राज्यांत आला, आणि अभ्यासक्रम पुन्हा फिरला. शहराच्या किल्ले अर्कांत शाहजहान व औरंगजेब यांच्या कारकीर्दींतील जे फारसी कागद होते, सुमारें दीड लाख, ते १९१६ सालींच हैदराबादेस गेले होते. त्यांतील बरेचसे शिकस्ता वळणाचे. छापील फारसी पुस्तक वाचणाऱ्यास शिकस्ता येत नाहीं, जशी बालबोध जाणणाऱ्यास मोडी येत नाहीं. एकाच भूमीच्या इतिहासाचीं हीं दोन कुलुपें. दोहोंची किल्ली शाळेंत कोठेंच नाहीं.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो छावणींतूनच येईल. छावणीलगत नागसेनवनांत डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनें १९५० त महाविद्यालय काढिलें व १९५५ त मिलिंद हायस्कूल. या शाळेच्या नांवांतील ‘मल्टिपर्पज’ हा शब्द त्याच योजनेची खूण होय. ज्यांच्या पूर्वजांस धंदा जन्मानेंच नेमून दिला होता, त्यांच्या मुलांस विषय निवडण्याची मुभा मिळणें ही लहान गोष्ट नव्हे. मोडीची जुनी शाळा त्यांस कितपत खुली होती, असा प्रश्न कोणी केल्यास उत्तर खालीं मान घालूनच द्यावें लागेल. म्हणून जुनी शाळा परत आणा, असें आमचें म्हणणें नाहीं. उलट, कुळकर्ण्यांच्या दप्तरांत वतनाचे, बलुत्याचे, वेठीचे जे कागद आहेत, ते ज्यांच्या पूर्वजांविषयीं लिहिलेले आहेत त्यांनाच वाचतां यावे, यासाठीं ही विद्या सर्वांस मिळाली पाहिजे.

कोठारी आयोगानें (१९६४–६६) दहावीपर्यंतच्या शाखा मोडून ‘कार्यानुभव’ आणिला; महाराष्ट्रांत १९७५ पासून दहावीची शालान्त परीक्षा सुरू झाली. बहुउद्देशी शाळांची योजना मागें पडली, पण तिची व्याख्या टिकली. पुराभिलेख संचालनालय मोडीचे प्रशिक्षणवर्ग भरवितें, हें उत्तमच. तथापि तेथें येणारा मनुष्य बहुधा प्रौढ असतो, आणि हाताचें वळण लहानपणीं बसतें. कार्यानुभवांत बोरू, दौत व मोडीचा कित्ता ठेवण्यास फारसा खर्च नाहीं.

संग्राहकांस शेवटीं एक विनंति. सनदा व फर्मानें आपण जपतांच. त्यांच्याच शेजारीं शिळाछाप मोडी वाचनमाला, कित्त्यांच्या वह्या, शाळांचीं हजेरीपटें, वेळापत्रकें व प्रश्नपत्रिका यांसहि जागा द्यावी, आणि प्रत्येकावर शाळेचें नांव, गांव व साल टिपून ठेवावें. एखादी पिढी आपल्या आजोबांचें अक्षर केव्हां विसरली, याचा पुरावा याच रद्दींत सांपडेल.