दोन मुक्तिबोध : एक तौलनिक टिपण

दोन भाषिक समाजांतील सामंजस्य केवळ सदिच्छेने निर्माण होत नाही. त्यासाठी परस्परांचा विचार वाचावा लागतो. १९५६ पर्यंत नागपूर ही हिंदी व मराठी अशा द्विभाषिक प्रांताची राजधानी होती. माधवराव सप्रे (१८७१–१९२६) यांनी टिळकांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत नेऊन या सामंजस्याचा एक मार्ग दाखविला. तो अनुवादाचा मार्ग होय.

मुक्तिबोध बंधूंचे उदाहरण याहून निराळे आहे. घरची भाषा मराठी; पण गजानन माधव हिंदीत लिहिते झाले, शरच्चंद्र मराठीत. दोघांचेही काही काळ वास्तव्य नागपुरास होते. गजानन माधवांच्या ‘एक साहित्यिक की डायरी’त (१९६४) अनुभवापासून शब्दरूपापर्यंतच्या निर्मितिप्रक्रियेचा, कलेच्या तीन क्षणांचा, शोध आहे. शरच्चंद्रांच्या ‘सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य’ या ग्रंथात प्रश्न मूल्याचा आहे, आणि त्याचे उत्तर ते मानुषतेत शोधतात. एकाचा भर प्रक्रियेवर, दुसऱ्याचा मूल्यावर; मात्र कलेला जीवनापासून तोडणे दोघांसही अमान्य आहे. म्हणून एकाच्या विवेचनात जे अनुक्त राहते, त्याची पूर्ती दुसऱ्याच्या विवेचनात होते.

भाषावार प्रांतरचनेने राज्यांच्या सीमा आखल्या, व ते आवश्यकही होते. परंतु समीक्षेनेही त्याच सीमा पाळाव्यात, याला समर्थन नाही. लिपी एकच असल्याने हे दोन ग्रंथ मूळ भाषांतूनच शेजारी ठेवून शिकविता येतील. तसे न केल्यास आपण दोन्ही मुक्तिबोध अर्धेच वाचू.