बंदिवानास संबोधन: वर्ड्‌स्वर्थचे एक सुनीत

बंदिवान क्रांतिनेत्याला उद्देशून लिहिलेल्या काव्याची परीक्षा करताना एक प्रश्न टाळता येत नाही. कवी गौरव कशाचा करतो: त्या पुरुषाच्या कर्तृत्वाचा की त्याच्या दुःखाचा? वर्ड्‌स्वर्थने तुसाँ लूव्हेर्त्यूरला उद्देशून लिहिलेले सुनीत मराठीत आणू पाहणाऱ्याला हा प्रश्न आरंभीच, आणि तोही एका सर्वनामाच्या रूपाने, अडवितो.

तुसाँ हा सँ-दोमँग या फ्रेंच वसाहतीत गुलाम म्हणून जन्मला. १७९१ साली तेथे सुरू झालेल्या गुलामांच्या उठावातून तो सेनानी म्हणून पुढे आला. १८०१ मध्ये त्याने वसाहतीला जी राज्यघटना दिली, तिने गुलामगिरी कायमची रद्द ठरविली. नेपोलियनच्या सैन्याने जून १८०२ मध्ये त्याला कपटाने पकडले, आणि ऑगस्टमध्ये ज्यूरा पर्वतातील फोर द झू या किल्ल्यात कोंडले. हे सुनीत लंडनच्या 'मॉर्निंग पोस्ट'मध्ये २ फेब्रुवारी १८०३ रोजी प्रसिद्ध झाले. ७ एप्रिल रोजी तुसाँ कोठडीतच मरण पावला.

कवी त्याला अत्यंत दुःखी पुरुष म्हणून हाक मारतो. तो कोठे आहे हे कवीला ठाऊक नाही. त्याच्या कानी काय पडत असेल याची कल्पना करताना पहिल्या पाठात गवळणीचे गाणे येते, नंतरच्या पाठात नांगरणारा शेतकरी येतो. मग धीर दिला जातो: वारा, पृथ्वी, आकाश हे तुझे साथी आहेत. कवी त्याला नायक म्हणतो खरा, पण कशाचा नायक हे सांगत नाही. गुलामगिरी, उठाव, राज्यघटना यांपैकी कशाचाही उच्चार या चौदा ओळींत नाही. कवी या विषयाबाबत उदासीन होता असेही नव्हे. त्याच वर्तमानपत्रात नऊ दिवसांनी आलेल्या त्याच्या दुसऱ्या सुनीतात फ्रान्समधून हद्दपार झालेल्या एका काळ्या स्त्रीचे चित्र आहे. परंतु ज्या वाचकांसमोर ही सुनीते येत होती, त्यांच्या देशाचा गुलामांचा व्यापार १८०७ पर्यंत कायदेशीर होता, हे विसरून चालणार नाही. नेपोलियनचा अन्याय त्यांना दाखविणे सोपे होते. तुसाँने नेमके काय मोडून काढले ते सांगणे तितके सोपे नव्हते.

आता सर्वनाम. इंग्रजी काव्यातील जुने एकवचनी संबोधन मराठीत 'तू' असे येणार, हे उघड आहे. येथे बेंगळूरात कन्नड अनुवादकापुढेही 'नीनु' आणि 'नीवु' यांचा हाच पेच उभा राहतो. मंडालेच्या तुरुंगातील लोकमान्यांविषयी बोलताना मराठी माणूस आदरार्थी बहुवचन सोडीत नाही. मग जन्माने गुलाम असलेल्या, मालकांकडून एकेरीच ऐकत आलेल्या सेनानीला आपण 'तू' म्हणावे काय?

माझ्या मते, म्हणावे. 'तुम्ही' म्हटल्याने जो आदर मिळेल, तो त्या पुरुषाच्या कर्तृत्वाबद्दलचा आदर असेल. आणि तो मूळ कवितेने दिलेला नाही. कवितेची उणीव भरून काढणे हे अनुवादकाचे काम नव्हे. शिवाय मराठीतील 'तू' केवळ हलकेपणाचा नाही. वारकरी विठ्ठलालाही 'तू'च म्हणतो. या एका शब्दात जवळीक आणि विनय दोन्ही मावतात. त्यातील कोणता सूर ऐकू यावा, हे पुढच्या ओळींच्या वजनावर ठरते.

आणि त्या वजनाची कसोटी शेवटी लागते. निसर्गाची नामावळी संपल्यावर कवी माणसाकडे वळतो: त्याचा उल्हास, त्याच्या वेदना, त्याचे प्रेम, आणि न हरणारे त्याचे मन. हे वळण उशिरा येते आणि अमूर्तच राहते. तरी याच वळणामुळे सुनीत केवळ सांत्वन न राहता गौरव होते. तुसाँच्या मृत्यूनंतर वर्षही लोटले नव्हते, तोच १ जानेवारी १८०४ रोजी हैतीचे स्वातंत्र्य घोषित झाले. ते वाऱ्याने वा आकाशाने मिळविलेले नव्हते. पूर्वीच्या गुलामांनी लढून मिळविलेले होते. कवीने दिलेले आश्वासन खरे ठरले, पण ज्यांनी ते खरे केले त्यांची नोंद मात्र कवितेत नाही. अनुवादकाने ही रिकामी जागा तशीच रिकामी ठेवावी, म्हणजे वाचकाला ती दिसेल.