जपानी स्वाध्याय आणि हायसिग यांची कांजी-पद्धती

पाली तिपिटकाचे जपानी भाषांतर 'नान्देन दाइझोक्यो' या नावाने १९३५ ते १९४१ या काळात प्रसिद्ध झाले. त्या भाषांतराकडे व नंतरच्या जपानी पाली-संशोधनाकडे आपले अभ्यासक इंग्रजीच्या खिडकीतूनच पाहतात. हे परावलंबन संपवायचे तर जपानी शिकणे आले. आणि शिक्षक सर्वत्र लाभत नसल्याने बहुतेकांच्या वाट्याला स्वाध्यायच येतो.

अशा अभ्यासकाच्या हाती बहुधा जेम्स हायसिग यांचा, १९७७ साली प्रथम निघालेला 'रिमेम्बरिंग द कांजी' हा ग्रंथ येतो. प्रत्येक चिन्हाचे घटक पाडावेत, त्याला एक इंग्रजी शब्द जोडावा आणि दोहोंना बांधणारी कथा कल्पावी, अशी ही रीत. सुमारे २२०० चिन्हांची आकृती तिने खरोखर लक्षात राहते. चिन्हांची भीती घालवणारे दुसरे पुस्तक निदान प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात नाही.

परंतु आक्षेप मूलभूत आहे. पंचस्कंधांची पाच चिन्हे घ्या. रूपाचे चिन्ह येथे 'रंग' म्हणून, वेदनेचे 'स्वीकारणे' म्हणून, संखाराचे 'जाणे' म्हणून पाठ होते. खुद्द धम्माचे चिन्ह 'पद्धत' ठरते! हे अर्थ व्यवहारात चूक नाहीत. मात्र ते घेऊन सुत्ताकडे जाणारा वाचक भलत्याच गावी पोहोचतो. शिवाय उच्चार दुसऱ्या खंडावर ढकललेले. रूपाचे चिन्ह एरवी 'इरो' किंवा 'शोकु', बौद्ध ग्रंथांत 'शिकि'. हा भेद कळल्यावाचून कोशातील बौद्ध संज्ञा सापडणार कशी?

मराठी वाचकाने इंग्रजीचा हा वळसा घ्यावाच का? काना लिपीचा अ-इ-उ-ए-ओ, क-स-त-न हा क्रम आपल्याच वर्णमालेच्या वळणाचा आहे. क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, संबंधदर्शक प्रत्यय नामामागे लागतात. शाळेत संस्कृत नाकारले गेलेल्या बाबासाहेबांनी पालीसाठी स्वतः कोशरचना केली व तीत मराठी अर्थही दिले. शासनाने १९९८ साली ते काम सोळाव्या खंडात छापले. आपल्या अभ्यासकाने तोच मार्ग धरावा. आकृतीपुरती हायसिग यांची युक्ती घ्यावी, चिन्हासमोर शब्द मात्र पालीतला लिहावा आणि उच्चार त्याच दिवशी पाठ करावा.

वाचनाचा आरंभ नाकामुरा हाजिमे यांच्या १९७८ सालच्या धम्मपदाच्या भाषांतराने करावा. गाथा मुखोद्गत असल्याने अर्थ आधीच ठाऊक असतो, आणि भाषाही आधुनिक व सुबोध आहे. 'नान्देन'ची भाषा जुन्या ग्रांथिक वळणाची. ते खंड दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी उघडले तरी चालतील.