न निवडता मिळालेला कंपायलर

कंपायलरला मराठीत ‘संकलक’ म्हणतात. विश्वकोशाच्या या गावात त्या शब्दाने दुसरीच माणसे डोळ्यांपुढे येतील, म्हणून आज आपण सरळ कंपायलरच म्हणू. माणसाने लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या आज्ञांमध्ये उतरवून देणारा हा प्रोग्राम. मुक्त ऑपरेटिंग सिस्टीममधले हजारो प्रोग्राम ज्या एकाने तयार होतात, तो तिचा डिफॉल्ट कंपायलर. बहुतेकांना तो न निवडताच मिळतो, कारण कुणीतरी तो आधीच निवडलेला असतो. ही निवड ज्या पद्धतीने होते, तिच्यावर आमचा आक्षेप आहे.

फ्रीबीएसडीचे बघा. तिथे वर्षानुवर्षे जीसीसी होता, रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ साली आणलेला. २००७ मध्ये जीसीसीने जीपीएल परवान्याची तिसरी आवृत्ती घेतली. या परवान्याचा कंपायलर फ्रीबीएसडीला आपल्या मूळ सिस्टीममध्ये नको होता. आता, जीसीसीने तयार केलेल्या तुमच्या प्रोग्रामला काही हा परवाना चिकटत नाही. तरीही नको तर नको, तो त्यांचा हक्क. पण पुढे केले काय? जुन्या परवान्याच्या शेवटच्या, म्हणजे ४.२.१ या आवृत्तीवर ते थांबले. २०११ मध्ये इंटेलचे प्रोसेसर एव्हीएक्स आज्ञा घेऊन आले, सी++ चे नवे प्रमाण आले, आणि यांचा कंपायलर २००७ मध्येच बसलेला! जानेवारी २०१४ मध्ये फ्रीबीएसडीची दहावी आवृत्ती निघाली, तेव्हा कुठे इंटेल-एएमडी यंत्रांसाठी क्लँग डिफॉल्ट झाला. क्लँग उत्तम कंपायलर आहे, त्याबद्दल वाद नाही. पण स्पार्क-६४ सारखी यंत्रे त्या जुन्या जीसीसीलाच लटकून राहिली. २०२० मध्ये तो जीसीसी काढला, आणि त्याच आवरसावरीत स्पार्क-६४ चा आधारही गेला. परवान्याच्या वादाशी ज्याचा काही संबंध नव्हता, त्याचे यंत्र बाहेर पडले.

जीसीसीवाल्यांनाही आम्ही सोडणार नाही. कुणी आपले बंदिस्त भाग याला जोडेल, या भीतीने त्यांनी कंपायलरचे अंतरंग सहज हाताळता येईल असे ठेवलेच नाही. प्लगइनची सोय आली ती थेट २०१० मध्ये. तोवर इलिनॉय विद्यापीठात ख्रिस लॅटनर आणि विक्रम अडवे यांचे एलएलव्हीएम उभे राहिले होते. (अडवे मुंबई आयआयटीचे बी. टेक.) हवा तो भाग सुटा काढून वापरा, अशी त्याची रचना. संशोधक तिकडे वळले. क्लँगही त्यावरच उभा आहे. इकडे मुंबई आयआयटीत धनंजय ढमढेरे यांनी कंपायलरमधल्या सुधारणांवर मोलाचे काम केले, आणि त्यांचे विद्यार्थी उदय खेडकर यांनी जीसीसीचे अंतरंग समजावण्यासाठी कार्यशाळा घेतल्या. मोठेच काम ते. पण एक मुक्त कंपायलर आतून समजायला वेगळे केंद्र आणि कार्यशाळा लागाव्यात, यातच जीसीसीवरची टीका येऊन जाते.

आता आपल्याकडे या. सी-डॅकची बॉस ही भारतीय ऑपरेटिंग सिस्टीम डेबियनवर उभी आहे. म्हणून तिथे जीसीसी. बॉसने तो बदलावा असे आमचे म्हणणे नाही. पण वारशाने आलेल्या वस्तूचीही पारख करावी लागते. डेबियनमध्ये जीसीसीच डिफॉल्ट आहे, तरी तिथल्या मंडळींनी सगळा संग्रह क्लँगने पुन्हा बांधून पाहिला आणि निकाल जाहीर केले. काही प्रोग्राम जीसीसीच्या खास सोयींवर विसंबलेले निघाले. काहींत खऱ्याच चुका होत्या, ज्या जीसीसीने चालवून घेतल्या होत्या.

हे काम मुंबईलाच व्हायला हवे असे थोडेच आहे? सांगलीच्या वालचंद महाविद्यालयात लिनक्सवाल्या विद्यार्थ्यांचा गट आहे, कराडला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. बॉसमधली पन्नास पॅकेजेस घ्या, दोन्ही कंपायलरांनी बांधा, कुठे अडते ते लिहून ठेवा. मराठी टंकलेखनाची आणि फॉन्टची पॅकेजेस आधी घ्या. ती अडली तर दुरुस्त करायला बाहेरून कोण येणार आहे?