षष्ठीचा प्रांत : इंग्रजी नामयुग्मांच्या अध्यापनाविषयी

इंग्रजीत दोन नामे लागोपाठ आली असता पहिल्यास संबंधदर्शक रूप द्यावे की ते मूळ रूपातच विशेषणासारखे योजावे, या प्रश्नास शालेय व्याकरणे बहुधा एकच उत्तर देतात : पहिले नाम सजीव असेल तर ‘ॲपॉस्ट्रॉफी एस’, निर्जीव असेल तर ‘ऑफ’ किंवा केवळ नाम. ‘टीचर्स चेअर’ व ‘टेबल लेग’ यांपुरता हा नियम निभावतो. परंतु ‘टुडेज न्यूजपेपर’मधील दिवस सजीव नव्हे आणि ‘चाइल्ड लेबर’मधील मूल निर्जीव नव्हे.

खरा भेद निर्देशाचा आहे. ‘द डॉग्ज कॉलर’ म्हणजे विवक्षित कुत्र्याचा पट्टा. ‘अ डॉग कॉलर’ म्हणजे पट्ट्याचा एक प्रकार. मराठी विद्यार्थ्यास हा भेद सर्वस्वी अपरिचित नाही. ‘राजाचा वाडा’ म्हटल्यास ‘कोणत्या राजाचा?’ असे विचारता येते. ‘राजवाडा’ या शब्दास तो प्रश्न लागू पडत नाही. अध्यापनाचा आरंभ येथून व्हावयास हवा.

तथापि हे साम्य फार दूर नेता येत नाही. पाणिनीने षष्ठीस कारकांत स्थान न देता शेष संबंध तिच्याकडे सोपविले. मराठीत तर ‘चा-ची-चे’ हा प्रत्यय पुढील नामाच्या लिंगवचनानुसार बदलतो. म्हणजे षष्ठ्यन्त पद विशेषणाप्रमाणेच वागते. त्यामुळे षष्ठीचा प्रांत येथे अतिशय विस्तृत आहे. ‘चपलांचे दुकान’, ‘दहा रुपयांची नोट’ ही पदे प्रकारवाचक असूनही षष्ठीतच राहतात, आणि त्यांतील अनेकवचनही टिकते. विद्यार्थी ‘शूज शॉप’ किंवा ‘टेन रुपीज नोट’ लिहितो तो निष्काळजीपणाने नव्हे, तर मातृभाषेशी प्रामाणिक राहून. इंग्रजीत मात्र प्रकारवाचक नाम सामान्यतः एकवचनी असते : ‘शू शॉप’, ‘टेन-रुपी नोट’. ‘सेव्हिंग्ज बँक’, ‘स्पोर्ट्स डे’ यांसारखे अपवाद रूढ शब्द म्हणूनच शिकवावे लागतात. ‘चहाचा कप’ या एका मराठी पदासाठीही इंग्रजीत ‘टीकप’ व ‘कप ऑफ टी’ असे दोन भिन्न पर्याय आहेत.

‘चिल्ड्रन्स बुक’, ‘विमेन्स कॉलेज’ हा वर्ग अधिक अवघड. येथे रूप संबंधाचे, अर्थ प्रकाराचा. क्वर्क, ग्रीनबॉम, लीच व स्वार्टविक यांच्या 1985 च्या बृहद् व्याकरणात अशा वर्णनपर षष्ठीची वेगळी नोंद आहे. वर्गात तिची परीक्षा उपपदावरून करता येते. ‘अ चिल्ड्रन्स बुक’ यातील ‘अ’ हे एकवचनी उपपद ‘चिल्ड्रन’ या अनेकवचनाचे असू शकत नाही, ते ‘बुक’चेच. उलट ‘द डॉग्ज कॉलर’ याचा अर्थ ‘त्या विवक्षित कुत्र्याचा पट्टा’ असा घेतला, की ‘द’ हे कुत्र्याचे ठरते.

सजीव-निर्जीवाचा नियम तयार स्वाध्यायांत गुण मिळवून देतो. स्वतः रचलेल्या वाक्यास कोणता प्रश्न विचारावा, हे तो शिकवीत नाही. निर्देश कोणाचा, वचन कोणते आणि उपपद कोणत्या नामाचे, हे तीन प्रश्न विचारण्याची सवय लागली, तर अपवादांची यादी पुष्कळच आखूड होईल.